निरोगी नमुना

३ फेब्रुवारी, मंगळवार

वही नवी नाही. प्रयोगशाळेतल्या बाद नोंदवह्यांपैकी एक आहे, पहिली बारा पानं कुणाच्या तरी आकडेमोडीनं भरलेली. ती तशीच ठेवून तेराव्या पानावर सुरुवात करते आहे. किडनी द्यायचं ठरलं तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, मनात येईल ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

तर, रक्तगट जुळला. पेशींची जुळणीही झाली, निम्मी, भावंडांत पुष्कळदा असते तशी. धाकट्या भावाला हे सांगायला आज डायलिसिसच्या खोलीत गेले. मंगळ, गुरू, शनी, चार-चार तास त्याला तिथे बसावं लागतं. दोन नळ्या दंडातून निघून यंत्रात जातात आणि तो शिवणयंत्रांच्या सुट्या भागांची पुस्तिका चाळत बसतो. माझं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "निम्मीच का? लहानपणीसुद्धा तू मला कुठली गोष्ट अख्खी दिली नाहीस." शेजारच्या खुर्चीतले आजोबा झोपेचं सोंग सोडून हसले. वहिनी मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा रक्तगट जुळला नाही, हे तिला अजून स्वतःचं पाप वाटतं.

मला काय वाटतं? हलकं वाटतं. बेचाळीस वर्षांत एवढं स्पष्ट काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

समुपदेशक बाईंनी अर्जावर लिहायला विचारलं, तुम्ही काय काम करता. मी म्हटलं, लघवीतल्या पेशी मोजते. पुढे त्यांनी विचारलं नाही. सहसा कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते.

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि त्या गुंत्याला बाहेरून मिठी मारून बसलेल्या काही पेशी. या पेशींना पाय असतात. एकीचे पाय दुसरीच्या पायांत, बोटांत बोटं घालावीत तसे. मधल्या फटींतून पाणी जातं, प्रथिन जात नाही. मधुमेहात हे पाय आधी फताडे होतात, मग एकमेकांतून सुटतात, आणि एक दिवस अख्खी पेशीच पकड सोडते आणि लघवीतून वाहून जाते. तिच्या जागी नवी येते म्हणावं अशी येत नाही. उरलेल्या अंग ताणून तिची जागा भरतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. ताणायलाही जागा उरत नाही तेव्हा तिथे वण पडतो आणि ती गाळणी मिटते.

त्या वाहून आलेल्या पेशी मी मोजते. सकाळी बाटल्या येतात, त्या फिरकी यंत्रात फिरवायच्या, तळाशी बसलेल्या गाळाला रंग द्यायचा. मग काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हिरव्या चमकतात. आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. चाळीस रोगी, दर पंधरवड्याला एक बाटली. औषध लागू पडलं तर वाहून येणाऱ्या पेशी कमी व्हायला हव्यात.

आणि रोग्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक बाटली माझी असते. सहा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं होतं, निरोगी माणसाचा नमुना कोण देईल. सगळे छताकडे बघायला लागले. मी देते म्हटलं. तेव्हा माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही म्हणजे काही निघालं नाही. मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते, रजा घेत नाही, अंगानं काडी. तेव्हापासून माझंच चालू आहे. माझ्या बाटलीत जे काही हिरवं दिसेल तो रंगाचा मळ समजायचा आणि तेवढा आकडा सगळ्या रोग्यांच्या आकड्यातून वजा करायचा, अशी पद्धत. मला सगळे निरोगीबाई म्हणतात. फोनवरसुद्धा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चार तास धाकट्याबरोबर बसले. त्यानं आज नीट समजावून घ्यायचं ठरवलं होतं. मी कागदावर गाळणी काढली, पायांच्या पेशी काढल्या. तो म्हणाला, मशीनचा पाय ढिला झाला की मी दुसरा बसवतो, तसं का नाही होत. म्हटलं, हे पाय बाजारात मिळत नाहीत. बराच वेळ कागद डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. त्याचे डोळेही आता साथ देत नाहीत, सुईच्या नाकाचं काम वहिनी करते.

मग त्यानं जे विचारलं ते आमच्या मोठमोठ्या बैठकांतही कुणी इतकं सरळ विचारत नाही. "पण इतकी साखर समोर असताना ह्या सोडून का जातात?"

मी सांगितलं, त्या पेशींनाही साखर आत घ्यायला इन्सुलिनची हाक लागते. ती हाक त्यांना ऐकू येईनाशी होते. बाहेर साखरेचा पूर आणि आत उपास. शिवाय खालचा पडदा, ज्यावर त्या पाय रोवून उभ्या असतात, तो साखरेनं चिकट आणि जाड होत जातो. त्यात गुंत्यातला दाब वाढलेला. उपाशी माणसानं भर वाऱ्यात भिंत धरून किती वेळ उभं राहायचं?

तो म्हणाला, "म्हणजे त्यांची चूक नाही." मी म्हटलं, कुणाचीच नाही. त्यानं कागदाची घडी घालून पुस्तिकेत ठेवली. एकतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा पहिली तीन वर्षं त्यानं गोळ्या खिशातच ठेवल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही आठवलं असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडम खुशीत. औषध काम करतं आहे. गेल्या जूनपासूनचे आकडे पायरीपायरीनं खाली आलेत. एकच कटकट आहे, रंगाच्या नव्या खेपा मळक्या येतात. माझ्या बाटलीत पूर्वी एखादी हिरवी खूण दिसायची, आता पाच-सहा दिसतात. कंपनीला दोन पत्रं गेली, ते म्हणतात आमचा रंग चोख आहे. मॅडम म्हणाल्या, असू दे, आपण वजा करतोच आहोत.

बाटल्या धुणाऱ्या बाईंना मी साबण नीट काढा म्हणून सांगितलं, माझ्या बाटलीला सारखा फेस येतो. त्यांनी माझ्यासमोर तीनदा विसळून दाखवली आणि बाकीच्या चाळीस बाटल्यांना का येत नाही म्हणून विचारलं. वाद कोण घालणार.

वजन चार किलोंनी उतरलंय, न मागता. किडनी देणाऱ्यानं सडसडीत असावं म्हणतात, बरंच झालं.

५ मार्च, गुरुवार

धाकट्याला थंडी वाजून ताप. नळीच्या जागेतून जंतू रक्तात गेले. आठ दिवस त्याला दवाखान्यात ठेवणार. माझ्या उरलेल्या तपासण्या, रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं एप्रिलवर ढकललं. त्याच्याशिवाय माझी घाई कुणाला असणार?

डॉक्टर वहिनीला बाजूला घेऊन बोलले. मीही गेले. उजव्या दंडातल्या शिरा संपल्या, डाव्यातली एक चालू आहे, ती बंद पडली तर मानेतून, आणि मग फार काही उरत नाही. हृदयही थकलंय. उन्हाळा संपायच्या आत किडनी बसायला हवी, असं ते म्हणाले. यादीत नाव आहे, पण यादीतून यायला पाच-सहा वर्षं. वहिनीनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. डॉक्टरांना म्हणाली, "ताई आहेत ना." माझ्या हाताला घाम आला होता. तिच्याही असेल.

१३ मार्च, शुक्रवार

आकडे तपासायला एक नवीन बाई आल्या आहेत. आल्या दिवशीच त्यांना आकडेबाई हे नाव पडलं. चहा घेत नाहीत, हसत नाहीत. सगळ्या वह्या स्वतःच्या टेबलावर ओढून घेतल्या आणि संध्याकाळी मॅडमना म्हणाल्या, चाळीस माणसांच्या समोर एकच निरोगी माणूस? मॅडम म्हणाल्या, सहा वर्षं हीच पद्धत आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारते.

मला थोडं लागलं. माझ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं.

सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसून घेतली. दुपारनंतर कडा धूसर दिसतात. काळोख्या खोलीतली हवा इतकी कोरडी आहे की दिवसाला पाण्याच्या पाच बाटल्या संपतात, आणि मग जिने उतरून स्वच्छतागृहाकडे फेऱ्या. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, मला दिवसाला दोन पेले पाण्याची परवानगी आहे, माझ्या वाटचंही तूच पी. गमतीनंच म्हणाला. पण माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग विचारलं, "ताई, तू शेवटची तपासणी कधी केलीस?" मी म्हटलं, दर पंधरवड्याला होते माझी, सबंध प्रयोगशाळा माझ्यावर चालते.

२६ मार्च, गुरुवार

आकडेबाई जिंकल्या. अकरा निरोगी माणसं गोळा केली: पहारेकरी, ग्रंथपाल, बाटल्या धुणाऱ्या बाई, खुद्द मॅडमचे यजमान. मला धरून बारा. सगळ्यांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली. माझी घेतली नाही, ग्रंथपाल म्हणाले निरोगीबाईंची कसली साखर बघता. पहारेकऱ्याला बाटलीचं झाकण उघडेना, तर त्यानं रांगेत उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषण दिलं की तीस वर्षं दारं उघडली आणि शेवटी ह्या झाकणानं अब्रू घेतली. फार दिवसांनी पोट धरून हसले.

बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. निरोगी आणि रोगी मिसळून टाकले. कोणता कुणाचा हे आकडेबाईंच्या कुलपात.

१ एप्रिल, बुधवार

दिवसभर मोजणी. काही बाटल्यांत शून्य, शून्य, एक, शून्य; हे पहारेकरी, मॅडमचे यजमान अशा निरोग्यांचे असणार. म्हणजे रंग चोखच होता, कंपनीवाल्यांना आपण उगीच पत्रं लिहिली. काहीतरी दुसरं असेल, आकडेबाई शोधतील.

रोग्यांचे नेहमीसारखे, नऊ, चौदा, एकवीस. सतरा क्रमांकाशी मात्र मी अडले. अकरा पेशी. आकडा काही मोठा नाही. पण त्या ताज्या होत्या, नुकत्याच सुटलेल्या. दोघींचे पाय अजून एकमेकींत अडकलेले, जोडीनं वाहून आलेल्या. जुन्या रोग्याच्या पेशी अशा नसतात, त्या फाटक्या आणि एकट्या येतात. हा माणूस अजून सुरुवातीला आहे. कदाचित त्याला काहीच होत नसेल, कामावर जात असेल, जिने चढत असेल. कुणीतरी त्याच्याकडे जाऊन खांद्यावर हात ठेवून सांगायला हवं, की बाबा रे, आता, आत्ता बस आणि ऐक. धाकट्याला तसं कुणी सांगितलं असतं तर. मी सांगायला हवं होतं. मी तेव्हा याच खोलीत दुसऱ्यांच्या पेशी मोजत होते.

सतराच्या नोंदीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं: याला लवकर कळवा.

२ एप्रिल, गुरुवार

सतरा म्हणजे मी.

३ एप्रिल, शुक्रवार

आकडेबाईंनी काल सगळे गेल्यावर मला बसवून घेतलं होतं. म्हणाल्या, बाटली बदलली गेली असेल, उद्या पुन्हा देता का. त्यांचा आवाज इतका मऊ होऊ शकतो हे माहीत नव्हतं. आज पुन्हा दिली. माझ्याकडून मोजवेना, त्यांनीच मोजल्या. नऊ.

बोटातून थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी यंत्र पालथं ठेवलं.

६ एप्रिल, सोमवार

तिसऱ्या बाटलीत तेरा.

मॅडमनी दार लावून घेतलं. आधी त्या आकड्यांबद्दलच बोलल्या. गेल्या जूनपासून माझ्या बाटलीतल्या पेशी वाढत गेल्या आणि आम्ही त्या मळ समजून चाळीस जणांच्या आकड्यांतून वजा करत गेलो. वजाबाकी काढून टाकली तर ते औषध काहीच करत नाही. कधीच करत नव्हतं. चाळीस माणसं दहा महिने त्या गोळ्या विश्वासानं गिळत आहेत, त्यांतल्या काहींनी जुनी औषधं कमी करून घेतली आहेत. त्या सगळ्यांना आता पत्र लिहायचं. "आपण तुलाच शून्य धरलं होतं गं," मॅडम म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं की समोर मी बसले आहे. उठून आल्या. मी म्हटलं, पत्राचा मजकूर मी लिहीन.

घरी येऊन मागची पानं वाचली. फेस, तहान, धूसर कडा, चार किलो. सगळं माझ्याच अक्षरात आहे. असं वाचलं की एखाद्या परक्या बाईचा राग यावा तसा राग येतो.

९ एप्रिल, गुरुवार

एक लिहायचं टाळत होते. परवा मनात आलं की किडनी देणाऱ्याच्या तपासणीला पहारेकऱ्याची बाटली नेता येईल. यादी उघडल्यापासून क्रमांक माहीत आहे. बाटली शीतपेटीत आहे. शीतपेटीचं दार उघडून उभीसुद्धा राहिले, गार हवा पायांवर येईपर्यंत. रक्ताचं काय करणार होते, देव जाणे. आणि ती किडनी धाकट्याच्या पोटात जाऊन काय करणार होती, हे मला सोडून आणखी कुणाला जास्त माहीत आहे?

दार लावलं.

१६ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात सगळं पक्कं झालं. मधुमेह, बहुधा तीन-चार वर्षांपासूनचा. किडनीला इजा, अजून थोडी. गोळ्या दिल्या, बोटाला टोचायचं यंत्र दिलं, आहाराचा कागद दिला. डॉक्टर सभ्य होते. म्हणाले, दाता म्हणून तुमचं नाव काढावं लागेल. काढलं. रेघ मारायला त्यांना पट्टी लागली.

समुपदेशक बाई व्हरांड्यात भेटल्या. वही लिहिताय ना, म्हणाल्या.

१८ एप्रिल, शनिवार

धाकट्याला सांगितलं. वहिनीला आधी सांगायला हवं होतं का? पण त्याचं होतं, त्यालाच आधी कळावं असं वाटलं.

यंत्र चालू होतं. त्यानं पुस्तिका मिटली. शेजारच्या आजोबांची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर बसले होते. ते गुरुवारी गेले हे मला नंतर कळलं. मी सगळं क्रमानं सांगितलं, बाटल्या, सतरा क्रमांक, वजाबाकी. वाटलं तो काहीतरी फटकळ बोलेल आणि मला रडता येईल.

"मी तिला माझी म्हणायला लागलो होतो," तो म्हणाला. म्हणजे किडनीला. "रोज झोपताना हात ठेवायचो, बसणार त्या जागी."

मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुला." विचारलं होतंच.

नंतरचे अडीच तास तो भिंतीकडे बघत राहिला. नळ्यांमुळे त्याला कूस बदलता येत नाही, नाहीतर बदलली असती. शेवटी परिचारिका येऊन म्हणाली, त्यांना आता थोडं पडू द्या.

२५ एप्रिल, शनिवार

वहिनीचा फोन. तो बोलत नाही, माझ्याशीच नव्हे, कुणाशीच. शिवणयंत्र-दुरुस्तीच्या दुकानाचं दार अर्धं उघडून आत बसून असतो. डावी शीर कुरकुर करते आहे. वहिनीनं मला दोष दिला नाही. गोळ्या घेता का, यंत्र वापरता का, एवढं विचारलं. खरं सांगितलं, की यंत्राचा खोका अजून फोडलेला नाही. सकाळी हातात घेते आणि परत ठेवते.

चाळीस पत्रं गेली. सह्या मॅडमच्या.

३ मे, रविवार

दुपारी खालून हाक आली. तिसऱ्या मजल्यावरून डोकावले तर धाकटा दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसलेला, एक हात कठड्याला. चेहरा राखेसारखा. मी धावत खाली गेले. म्हणाला, "पुढचे जिने होणार नाहीत. वर जा आणि तो खोका घेऊन ये."

घेऊन आले. त्यानं खोका फोडला, माहितीपत्रक न वाचता बाजूला टाकलं, सुई बसवली. माझी करंगळी धरली.

"कडेला टोचायचं. मधे टोचलंस की दिवसभर काम करताना दुखतं. हे कुणी सांगत नाही." टोचलं. थेंब पट्टीला लावला. आम्ही दोघं त्या छोट्या काचेकडे बघत राहिलो.

दोनशे अडुसष्ट.

मी हात मागे घ्यायला लागले, त्यानं सोडला नाही. "घाबरू नकोस," म्हणाला. "माझा पहिला आकडा याच्याहून वाईट होता."

त्याचा पहिला आकडा मला पाठ आहे. एकशे नव्वद. तो कागद मीच आणला होता.

मी बरं म्हटलं. त्याचा दम बसेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो. खूप वेळ लागला. वरच्या मजल्यावरचे कुणी उतरले, अंग चोरून त्यांना वाट दिली.